मोठी व्हॅन घेण्याआधी: माल, घाट आणि पासिंग

श्रावण सरत आला की बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळाचे डोळे उघडू लागतात आणि बीड जिल्ह्यातल्या बागायतदारांत, व्यापाऱ्यांत एकच चौकशी सुरू होते: गाडी मिळाली का? बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण फळ कितीही नावाजलेले असले तरी ते वाट पाहत नाही. तोडलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात माल पहाटे उतरला तर भाव मिळतो, उशिरा पोचला तर समोरचा सांगेल त्या भावाला द्यावा लागतो. ठरवलेल्या गाडीवाल्याने ऐन वेळी दुसरे भाडे धरले की भरलेले कॅरेट बांधावरच राहतात. असे एकदोन हंगाम गेले की आपलीच मोठी गाडी असावी, हा विचार घरात बोलला जाऊ लागतो.

विचार फक्त सीताफळवाल्यांचा नाही. आष्टी-पाटोद्याकडचे दूध, कुंथलगिरीच्या बाजूचा खवा, परळीच्या वैजनाथाला येणारे भाविक, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, लग्नसराईतले केटरिंग आणि मंडपाचे सामान, शाळा, सूतगिरण्या: प्रत्येकाला मोठी गाडी लागते. फक्त प्रत्येकाची 'मोठी गाडी' वेगळी असते. शोरूममध्ये गेल्यावर मात्र चर्चा हप्ता, डिस्काउंट आणि सीटांच्या कव्हरवर जाते. गाडी कोणती घ्यायची हे खरे तर त्याच्या आधी, घरी बसून, तीन गोष्टींवरून ठरते: आपला माल कसा आहे, रस्ता कोणता आहे आणि गाडी महिन्याला किती किलोमीटर भरून धावणार आहे. ही तीन उत्तरे नसतील तर शोरूमचा उंबरठा ओलांडण्याची घाई करू नये.

व्हॅन या भागाला नवी नाही. मूळच्या अहिल्यानगरच्या फिरोदिया कुटुंबातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. १९६९ मध्ये आलेल्या तिच्या मॅटाडोरने दुधाच्या कॅनपासून वऱ्हाडापर्यंत सगळे वाहून नेले. १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली. तीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते आणि ट्रॅव्हलर अजूनही रस्त्यावर आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेतही हीच गाडी दिसते. तिच्या जोडीला टाटाची विंगर आहे, फोर्सचीच अलीकडची अर्बानिया आहे. या तिन्ही प्रामुख्याने प्रवाशांसाठी ओळखल्या जातात. ट्रॅव्हलर आणि विंगर माल वाहण्यासाठी बंद बॉडीतही मिळतात. त्यांच्या खालच्या पायरीवर छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, दोस्त, इन्ट्रा अशा उघड्या हौद्याच्या गाड्या आहेत आणि त्या जिल्ह्यात जास्त दिसतात, याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी माल.

गाडीची क्षमता दोन मापांनी मोजतात: वजन आणि जागा. यातले कोणते माप आधी संपते, हे ज्याला कळले त्याची निम्मी निवड झाली. एक उदाहरण मांडून पाहू. बंद व्हॅनची आतली जागा साधारण सव्वातीन मीटर लांब, एक मीटर साठ सेंटीमीटर रुंद आणि एक मीटर नव्वद सेंटीमीटर उंच आहे, असे धरू. साठ बाय चाळीस सेंटीमीटरचे प्लास्टिकचे कॅरेट त्यात एका थरात वीस बसतात. तीस सेंटीमीटर उंचीचे सहा थर लावले तर एकशे वीस कॅरेट मावतील. आता एका कॅरेटात वीस किलो सीताफळ आणि कॅरेटचे स्वतःचे दोन किलो धरले, तर एकशे वीस कॅरेटचे वजन होते दोन हजार सहाशे चाळीस किलो. या आकाराच्या व्हॅनची वजन पेलण्याची क्षमता मात्र दीड-पावणेदोन टनांच्या आसपास असते. म्हणजे सत्तर कॅरेटला, साडेतीन थरांवरच, गाडी कायद्याने भरली. वरची जवळपास अर्धी उंची रिकामी जाणार. उंच छताच्या गाडीसाठी जास्त पैसे मोजले असतील तर ते हवेसाठी मोजले.

पाव-बिस्किटे, कपडे, गाद्या, फुले, रिकाम्या बाटल्या यांचे नेमके उलटे असते. तिथे वजन टनाच्याही आत राहते आणि जागा आधी संपते. अशा धंद्याला उंच छत, मागे पूर्ण उघडणारी दारे आणि बाजूचे सरकते दार यांचे पैसे वसूल होतात. चाकांच्या वरचे उंचवटे आत किती जागा खातात, हे फीत लावून मोजावे. माहितीपत्रकातल्या घनफळात ते नीट कळत नाही. आपले नेहमीचे कॅरेट, दुधाचा कॅन किंवा केटरिंगचे सर्वांत मोठे पातेले सोबत नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहणे हा त्याहून सोपा उपाय. विक्रेत्याला ते विचित्र वाटले तरी हरकत नाही.

वजनाचा खरा आकडा सापडतो आरसी बुकात. तिथे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ते पासिंग. ड्रायव्हर, क्लीनर, नंतर बसवलेले रॅक, लोखंडी जाळी, जादा पाटे हे सगळे याच उरलेल्या वजनातून जाते. 'पासिंग दीड टन आहे, पण दोन टन आरामात ओढते' असे गाडी विकणारेही सांगतात आणि चालवणारेही. ओढत असेलही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जास्तीचा माल जागेवर उतरवून घेतात. नाशवंत मालाच्या बाबतीत तो उतरवलेला माल म्हणजे दंडापेक्षा मोठे नुकसान.

उघड्या पिकअप इथे जास्त का, याचे उत्तर सीताफळाकडेच आहे. हे फळ श्वास घेते, उष्णता आणि वायू सोडते. बंद पत्र्याच्या डब्यात, दुपारच्या उन्हात, हवा खेळती नसेल तर ते वाटेतच पिकते. म्हणून केवळ सीताफळ, टोमॅटो, भाजी नेणाऱ्याने 'मोठी व्हॅन' या कल्पनेच्या प्रेमात पडू नये. संध्याकाळी भरून रात्रीतून पुण्याला पोचणारी, ताडपत्री नीट बांधलेली पिकअप त्याचे काम कमी पैशांत करते. दूध आणि खव्याचे वेगळे. त्यांना बंद, उष्णतारोधक बॉडी हवीच. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात तर नक्की हवी. मात्र अशा बॉडीचे पॅनेल आणि थंडाव्याचे यंत्र यांचे वजन काहीशे किलोंत जाते आणि तेही पासिंगमधूनच वजा होते. दूध चार अंशांच्या आसपास नेतात. त्याच थंडीत सीताफळ ठेवले तर साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. त्याला पंधरा अंशांच्या जवळपासचे तापमान मानवते. एकाच शीतगाडीत हंगामानुसार दोन्ही नेण्याचा बेत असेल तर तापमान वर-खाली करता येणारे यंत्र घ्यावे आणि दोन्ही माल एका खेपेत कधीच भरू नयेत.

मग रस्ता. बीड जिल्हा बालाघाटाने दोन भागांत वाटला आहे. उत्तरेला गेवराई-माजलगावची गोदाकाठची सपाट काळी जमीन, दक्षिणेला आष्टी, पाटोदा, केज, अंबाजोगाईचे पठार. सोलापूर-धुळे हा ५२ क्रमांकाचा महामार्ग चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा जातो. मांजरसुंब्याला घाट आहे. धारूरचा घाट तर अरुंद वळणांमुळे वर्षानुवर्षे अपघातांच्या बातम्यांत आहे. ज्याची गाडी रोज घाट चढणार, त्याने इंजिनाची कमाल ताकद पाहण्यापेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ पाहावी. ट्रॅव्हलरचे २.६ लिटरचे, मर्सिडीज घराण्यातले डिझेल इंजिन साडेतीनशे न्यूटन मीटरच्या आसपास ओढ देते, विंगरचे २.२ लिटरचे इंजिन सुमारे दोनशे. सपाट रस्त्यावर, अर्ध्या भाराने, हा फरक फारसा जाणवत नाही. पूर्ण भारासह घाटात तो गिअर बदलण्याच्या संख्येत, क्लच प्लेटच्या आयुष्यात आणि डिझेलच्या बिलात उतरतो.

दुसरा फरक कमी लोक विचारतात. ट्रॅव्हलर मागच्या चाकांनी चालते, विंगर पुढच्या. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत खाली लांबलचक दांडा नसल्यामुळे तळ खाली आणता येतो. माणसांना चढायला आणि कॅन उचलून ठेवायला ते सोयीचे पडते. पण चढावर वजन मागे सरकते. माल मागच्या दारापाशीच रचला असेल आणि रस्ता ओला असेल, तर पुढच्या चाकांची पकड कमी होते. अशा गाडीत जड माल ड्रायव्हरच्या पाठीला लागून, खाली आणि हलका माल मागे ठेवावा. ज्याला रोज शेतापर्यंत, पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून जायचे आहे, त्याने मागच्या चाकांची गाडी घ्यावी किंवा बांधावरून डांबरी रस्त्यापर्यंत माल ट्रॅक्टरने आणायची सोय ठेवावी. ही दुसरी वाट अनेकदा स्वस्त पडते.

चाचणीसाठी गाडी मिळते ती रिकामी, आणि विक्रेता ती शहरातल्याच रस्त्यावर फिरवून आणतो. त्यावर समाधान मानू नये. अठरा-वीस लाखांची खरेदी असेल तर गाडी भरून घाटात नेऊ देण्याची मागणी मुळीच गैर नाही. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते का, उतरताना इंजिनाच्या आधाराने वेग धरून राहते की सतत ब्रेक मागते, वळणावर झुकते किती, आरशांत मागचा कोपरा दिसतो का, हे अर्ध्या तासात कळते. ती चालवायला मालकाने नव्हे, रोज जो चालवणार आहे त्या ड्रायव्हरने बसावे. मालक गाडीच्या रंगाकडे पाहतो, ड्रायव्हर स्टिअरिंगच्या ओझ्याकडे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात सिंदफणेसह अनेक नद्यांना पूर आले. बीडमध्ये गाडी घेणाऱ्याने तो महिना लक्षात ठेवून विमा निवडावा. साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकलम घ्यावे लागते. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ढकलून किंवा ओढून काढावी, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावे. पाणी शिरलेले इंजिन सुरू केले की कनेक्टिंग रॉड वाकतात आणि मग जोडकलम असूनही वाद होतात.

आता माणसे वाहणाऱ्यांकडे वळू, कारण तिथे सीटांच्या एका आकड्याने सारा हिशोब बदलतो. कायद्यात ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवाशांची गाडी म्हणजे टॅक्सी, सहाहून जास्त आणि बारापर्यंतची मॅक्सी कॅब. त्यापुढे ती बसच्या रांगेत जाते, आणि परमिट व कर त्या हिशोबाने लागतात. वस्तू व सेवा कराची रेषा आणखी एका जागी आहे. ड्रायव्हरसह तेरापर्यंत माणसांच्या गाडीवर भरलेला कर, गाडी भाड्याने प्रवासी वाहतुकीसाठी नसेल तर, धंद्याच्या करातून वजा मिळत नाही. चौदा किंवा अधिक आसनांच्या गाडीवर मिळू शकतो. म्हणजे एखाद्या कारखान्याने कामगार आणण्यासाठी बारा अधिक एक आसनांची व्हॅन घेतली तर त्या करावर पाणी सोडावे लागते, तेरा अधिक एक घेतली तर दावा करता येतो. एका सीटचा हा फरक लाखांत जातो. कर सल्लागाराला खरेदीनंतर नव्हे, बुकिंगच्या आधी भेटावे.

आणि आकडे तसे मोठे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्या आणि दहा किंवा अधिक माणसांच्या प्रवासी गाड्या यांवरचा हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत पंधरा लाख असेल तर पूर्वी चार लाख वीस हजार कर पडत होता, आता दोन लाख सत्तर हजार. नियमित नोंदणी असलेला व्यापारी मालवाहू गाडीवरचा हा कर आपल्या देण्यातून वजा करून घेऊ शकतो. कंपोझिशनमधला व्यापारी किंवा नोंदणी नसलेला शेतकरी घेऊ शकत नाही. त्याच्यासाठी कर हा किमतीचाच भाग. वजावट घेतली तर त्या रकमेवर घसारा मात्र मागता येत नाही. राज्याचा वाहनकर यापेक्षा वेगळा: महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. कोटेशनमधल्या 'ऑन रोड' आकड्यात तो धरला आहे का, हे विचारावे.

भाड्याने प्रवासी न्यायचे नाहीत, फक्त आपल्याच शाळेची, दवाखान्याची किंवा गिरणीची माणसे न्यायची आहेत, अशांसाठी कायद्यात खासगी सेवा वाहन असा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यालाही परमिट लागते. पांढऱ्या पाटीवर नोंदवून हळूच भाडी मारणे बीड-पुणे मार्गावर नवे नाही. अपघात होईपर्यंत ते चालते. झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो गाडी कशासाठी वापरात होती, हाच. मालवाहू गाडीत माणसे बसवण्याचे त्याहून गंभीर. यात्रेला, लग्नाला, तोडीच्या कामाला पिकअपच्या हौद्यात माणसे भरून नेणे आपल्याकडे सर्रास दिसते. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केलेले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक वेगळा. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. बाकीच्यांच्या जिवाचे मोल गाडीमालकाच्या शेतीतून वसूल होऊ शकते. ज्याला माल आणि माणसे दोन्ही न्यायची आहेत त्याने दोन गाड्यांचा किंवा एक स्वतःची आणि एक भाड्याची असा विचार करावा. मधल्या सीट काढून माल भरणे आणि सणासुदीला पुन्हा सीट बसवणे हा मार्ग नोंदणीतल्या रचनेत केलेला बेकायदा बदल ठरतो.

परमिटची एक सवलत छोट्या व्यापाऱ्याला उपयोगी आहे. ज्या मालवाहू गाडीचे भरलेले वजन तीन हजार किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. मोठ्या बंद व्हॅन बहुतेक या रेषेच्या पलीकडे असतात, अनेक पिकअप अलीकडे. पुढची रेषा साडेतीन टनांची: तिच्या वरच्या मालवाहू गाड्यांना २०२५ पासून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत गेवराई ते सोलापूर गाडी हाकणाऱ्या माणसाचा विचार केला तर सक्ती नसलेल्या गाडीतही तो घ्यावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. थकलेला ड्रायव्हर हा घाटातला सर्वांत मोठा धोका आहे.

लायसन्सबाबतचा जुना गोंधळ ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या ड्रायव्हरला साडेसात टनांच्या आतले व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्याआधी याच मुद्द्यावर विम्याचे दावे अडत. ट्रॅव्हलर, विंगर, पिकअप सगळ्या या मर्यादेत येतात. प्रवासी वाहनाच्या ड्रायव्हरसाठी बॅजची अट मात्र स्वतंत्र आहे; ती आरटीओत विचारून घ्यावी. बीडची नोंदणी एमएच २३ ला होते, अंबाजोगाईकडची एमएच ४४ ला. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचा, मग आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. ही तारीख चुकली आणि त्याच आठवड्यात अपघात झाला, असे झाले तर विम्याचा दावा अडचणीत येतो.

पैशाचा हिशोब किमतीपासून सुरू करू नये, किलोमीटरपासून करावा. समजा गाडी अठरा लाखांची आहे. तीन लाख रोख, पंधरा लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता येतो महिना सुमारे बत्तीस हजार दोनशे. ड्रायव्हरचा पगार पंधरा हजार आणि विमा, कर, फिटनेस यांचे महिन्याला पाच हजार धरले तर गाडी दारात उभी असतानाही बावन्न हजार जातात. डिझेल नव्वद रुपये आणि दहाचे ॲव्हरेज धरले तर किलोमीटरला नऊ रुपये; टायर आणि सर्व्हिसिंगचे दोन. गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर धावली तर एका किलोमीटरचा खरा खर्च सदतीस रुपये होतो. चार हजार धावली तर चोवीस. हे आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण उताराची दिशा तीच राहते, आणि भाड्याच्या गाडीचा दर या आकड्याशेजारी लिहिला की निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

इथेच हंगामाचा प्रश्न येतो. सीताफळ ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत. उरलेले नऊ महिने गाडी काय नेणार? लग्नसराईत केटरिंगचे सामान, उन्हाळ्यात टरबूज-खरबूज, किराणा दुकानांची पुरवठ्याची फेरी असे काही ठरलेले काम हातात असेल तरच मोठी गाडी घ्यावी. जाताना भरलेली आणि येताना रिकामी गाडी म्हणजे प्रत्येक फेरीचा खर्च जवळजवळ दुप्पट. पुण्याहून रिटर्न भाडे देणारा एक तरी कायमचा माणूस असावा. हंगामापुरती गाडी लागत असेल तर पाच-सहा बागायतदारांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून ती घेणे शहाणपणाचे, फक्त कोणत्या दिवशी कोणाचा माल, याचे वेळापत्रक आणि बिघाडाचा खर्च कोणी द्यायचा, हे कागदावर असावे. प्रवासी व्यवसायात उतरणाऱ्यानेही असाच पुढचा विचार करावा. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली, पुढे परळीपर्यंतचे काम सुरू आहे. लांब पल्ल्याच्या भाड्यांपेक्षा स्टेशनपासून गावापर्यंत, परळी-अंबाजोगाई-कपिलधार अशा देवदर्शनाच्या फेऱ्यांना पुढे मागणी राहील, असा अंदाज बांधायला जागा आहे. त्या कामाला सव्वीस सीटांची नव्हे, बारा-तेरा सीटांची गाडी पुरते.

कर्ज काढण्याआधी महामंडळांच्या योजनांची चौकशी करावी, कर्ज काढल्यावर नव्हे. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत मिळते. मात्र त्यासाठी आधी पात्रता प्रमाणपत्र काढावे लागते आणि हप्ता वेळेवर भरला तरच परतावा येतो. वसंतराव नाईक, महात्मा फुले आणि इतर मागासवर्गीय महामंडळांच्या योजनाही आहेत, प्रत्येकाच्या अटी निराळ्या. मुद्रा योजनेत तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. ते पूर्ण फेडलेल्यांना वीस लाखांपर्यंत. ज्यांच्याकडे दहापेक्षा जास्त मालगाड्या नाहीत आणि ज्यांचा धंदा माल वाहण्याचाच आहे, त्यांना प्राप्तिकरात बारा टनांच्या आतल्या प्रत्येक गाडीमागे महिना साडेसात हजार असे ठोक उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. पावत्यांचा ढीग सांभाळणे ज्यांना जमत नाही, त्यांनी ती वापरावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यात गैर काही नाही. पुण्यात आयटी कंपन्यांची माणसे नेणारी पाच-सहा वर्षांची ट्रॅव्हलर इथे निम्म्या किमतीत येते. तिचे इंजिन बहुधा ठीक असते. तपासायचे ते तळाचा गंज, मागच्या दाराच्या बिजागऱ्या, पाटे आणि डिफरन्शियलचा आवाज. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल तर धूर शुद्ध करणारी यंत्रणा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक लावून तपासून घ्यावी. ती बदलायचा खर्च मोठा असतो आणि गावातल्या मेस्त्रीला त्यात फारसे करता येत नाही. त्यासाठी कंपनीचे वर्कशॉप बीडमध्येच आहे की लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला गाडी न्यावी लागेल, हेही आधी कळायला हवे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, कर आणि कर्जाची नोंद दिसते. थकलेली चलाने ई-चलानवर पाहावीत. बोजा असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

मोठी गाडी घेणारा बहुतेक वेळा आपला जुना छोटा हत्ती किंवा पिकअप ओळखीतल्याच कोणाला देतो. चावी दिली, पैसे घेतले, 'नाव नंतर करू' म्हणाले. ही सर्वांत महागात पडणारी ओळख. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; त्या गाडीने उद्या कोणाला उडवले तर भरपाईचा दावा त्याच्यावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितले आहे. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची असते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या ज्या दिवशी होतील त्याच दिवशी चावी द्यावी, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि तारीख-वेळ घातलेली ताबा पावती जवळ ठेवावी आणि महिन्याभराने ॲपवर तोच नंबर टाकून नाव खरोखर बदलले का ते पाहावे.